पाहुण्यांचं जाळं

मेस्तियाच्या वर जीपने दोन तास,
त्यातला शेवटचा अर्धा जवळजवळ नदीतूनच.
माकवलाबाईंची तक्रार साधी होती:
वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांना
नुसतं गोल गोल फिरणारं चक्र दिसतं.

भिंत दीड हात जाड. पाटीचा दगड.
बाहेर त्यांच्या खापरपणज्यांचा बुरूज,
खिडक्या कसल्या, नुसत्या जंग्या,
बंदुकीची नळी मावेल एवढ्या.
भिंतींना कान असतात म्हणतात.
या बहिऱ्या होत्या.

राउटर सापडला चुलीमागे,
चीजच्या मडक्याला टेकून, काजळी अंगावर.
"तिथं ऊब असते," बाई म्हणाल्या,
जणू मांजराबद्दल.

मी त्याला उचलून जिन्याच्या कोनाड्यात नेला,
संत जॉर्जच्या तसबिरीपाशी.
त्या क्षणभर घुटमळल्या.
मग संतालाच वीतभर बाजूला सरकवलं.

चॅनल सहा.
अख्खं गाव सहावर, अकरा घरं एकाच वेळी बोलणारी,
तेराव्याच्या जेवणात बोलतात तशी.
मी यांना अकरावर नेलं.
तिथे इतकी शांतता होती
की मलाच जरा चुकल्यासारखं झालं.

मग कुलपं.
राउटरचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच,
एन्क्रिप्शन म्हणजे फडताळाची कडी.
"दार सताड उघडं, आणि किल्ली दारालाच," मी म्हणालो.
"आमच्या गावात असंच असतं."
थोड्या वेळाने: "आता."

मग जोडलेल्या उपकरणांची यादी वाचून दाखवली.
त्यांचा फोन. मुलाचा जुना लॅपटॉप.
जर्मन जोडप्याचे तीन. टीव्ही.
आणि सातवं: नेस्तानचा टॅब.

"नेस्तान कोण?"

बाई मडक्यातलं चीज पिळत राहिल्या.
पाणी निथळायचं थांबलं, तरी पिळत राहिल्या.
ग्वारलियानींची नात. कुंपणापलीकडची.
गिरणीच्या पाटावरून त्यांचा एक माणूस गेला,
आमचे दोन.
माझं लग्न व्हायच्याही आधीची गोष्ट.
तेव्हापासून त्या घराशी आम्ही
गाय चुकली तरी बोलत नाही.

"मग काढून टाकू? एक बटण आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं,
उंबऱ्यावर थुंकणाऱ्याकडे पाहावं तसं.
"सातवीत आहे ती. परीक्षा आहेत."

आता माझ्या कामात तडजोड बसत नाही:
उपकरण ओळखीचं तरी असतं, नाही तर परकं.
पण मेन्यूत खाली, फारसं कोणी जात नाही तिथे,
एक ओळ असते: पाहुण्यांसाठी वेगळं जाळं.
त्यावरच्याला इंटरनेट मिळतं,
घरातलं काही दिसत नाही.
लॅपटॉप नाही, टीव्ही नाही, कोण कुठे बसलंय ते नाही.

मी समजावलं. त्यांनी दोनदा विचारलं:
"म्हणजे ती पाहुणी ठरते?"
"हो, यंत्राच्या दृष्टीने."
"यंत्र शहाणं आहे."

वेगाची मर्यादा घालता येते, मी सांगितलं.
अर्धा ठेवू?
"तुझ्या झुग्दिदीत पाहुण्याला अर्धी भाकर वाढतात?"
पूर्ण ठेवला.

नवा पासवर्ड चौदा अक्षरी.
कागदावर लिहून दिला, म्हटलं, कुणाला सांगू नका.
त्यांनी मान डोलावली, पदराला हात पुसले,
अंगणात गेल्या,
आणि कोंबड्यांना दाणे टाकत
एकेक अक्षर खड्या आवाजात सांगितलं.
तीनदा. आकडे सावकाश.
लेकी बोले, सुने लागे.

कुंपणापलीकडे खिडकी बंदच होती.

मी चहा संपवेपर्यंत यादी उघडी ठेवली.
वरून जर्मन बाई ओरडली, चित्र आलं म्हणून.
मी खाली पाहतच होतो.
चार मिनिटं काहीच नाही.
मग एकदा चुकलेला पासवर्ड.
आणखी एकदा चुकलेला.

बाई पुन्हा दाण्यांची परडी घेऊन उठल्या.
कोंबड्यांची पोटं भरलेली होती.