आहेर आले नाहीत

सटाण्याहून आहेर येणार होते मला बघायला.
पोह्यांना आता कोण विचारतं, आई म्हणाली,
आणि जेलरोडच्या बेकरीतून दोन ब्रेड आले,
आणि चीज. अख्खा ठोकळा.
तो आमच्या फ्रीजमध्ये कालच्या वरणाशेजारी
नव्या सुनेसारखा अंग चोरून बसला.

चार वाजता फोन.
आईनं नुसतं "बरं" म्हटलं, तीनदा,
मग पदरानं टेबल पुसलं, पुसलेलंच.

बाबांना प्रेसमधून रिटायर होऊन दोन वर्षं झाली,
तरी नोटा मोजलेला अंगठा
काहीही थप्पीत दिसलं की ओला होतो.
त्यांनी ब्रेड मोजला.
"चोवीस. बुडं धरून. आणि आपण चौघं."
आणि स्वतःच उठून तवा ठेवला.

मी किसायला बसले, साडी न बदलता,
खांद्याची पिन टोचत होती ती टोचू दिली.
तुषार किसणीखाली तळहात धरून.
सकाळचा ठेचा होता, खलबत्त्यातला,
बाबांनी तो लोण्यासारखा फासला,
वर कांदा, वर किस, वर उपडी ताटली,
आणि गॅस इतका बारीक
की वाकून बघावं लागलं, आहे की गेला.

पहिला करपला. तो बाबांनी खाल्ला.
दुसऱ्याची तार
तव्यापासून थेट माझ्या हनुवटीपर्यंत आली
आणि दुपारपासून भिंतीकडे तोंड करून बसलेली आई
फिसकन हसली.
"एवढी तार माझ्या पाकाला कधी आली नाही गं!"
मग तीही खाली आली, गार फरशीवर, ओट्याला टेकून,
पायावर शाल घेऊन.

पाहुण्यांसाठी धुतलेली द्राक्षं होती, पिंपळगावची.
तुषारनं एक चिरून टोस्टवर ठेवलं.
शी, म्हटलं.
मग खाल्लं.
मग सगळा घड तिकडेच गेला:
आधी तिखट, मग खारट, मग एकदम थंड, गोड.
ह्याला नाव काय? कुणालाच सुचेना,
आणि तोंडं रिकामी नव्हती.

बुडं मी घेतली. मला आवडतात, कडक राहतात.

"उद्या पण आणू का ब्रेड?" बाबांनी विचारलं.
"का? कुणी येणार आहे?"
"नाही ना," ते म्हणाले,
आणि अंगठा ओला करून
ताटलीतला उरलेला किस टिपत राहिले.