डागी माल

तीन आठवड्यांची असताना टिकलीएवढा,
दिवाळीला डाळिंबाच्या दाण्याएवढा,
संक्रांतीपर्यंत पिकल्या तुतीसारखा फुगून
आर्वीच्या उजव्या भुवईवर बसला.
ती रडली की तो आणखी लाल.

नणंद म्हणाली, ग्रहणात विळीला हात लावला असशील.
मी आठवून पाहिलं.
त्या दिवशी सावळजच्या शेडवर
पोटाशी क्रेट टेकवून
मी डागी बेदाणा वेचून बाजूला टाकत होते.
विळी नव्हती.
डाग होते, हजारो.
हे कुणाला सांगितलं नाही.

मिरजेला डॉक्टर मगदुमांनी पट्टी लावून तो मोजला,
काचेनं दाबला – क्षणभर फिका, पुन्हा लाल –
तिच्या छातीवर नळी ठेवून बराच वेळ ऐकत राहिले.
मी विचारलं, कापायचा कधी?
कापायचा कशाला, ते म्हणाले,
हे थेंब. सकाळी एक, रात्री एक, वरून.
डोळ्यात जाऊ द्यायचा नाही.
आधी वाढायचा थांबेल, मग वाळेल.
वेळ लागेल.

बाटली बघून मामंजी हसले.
काचबिंदूसाठी सहा वर्षं
हेच औषध घेतात ते, डोळ्यातच.
मग रात्री नऊला
आधी त्यांची पापणी वर धरायची,
नंतर नातीच्या भुवईवर ओणवायचं.
बाटल्या दोन, नाव एक.
हात थरथरायचा तो मात्र फक्त तिच्यावर.

फाल्गुनात जाळीवर द्राक्षं पडली.
एकदा औषधाच्या पाण्यात बुडवायची,
सावलीत पसरायची,
आणि मग पंधरा दिवस कुणी काही करत नाही.
चिरत नाही, पिळत नाही.
वारा असतो. रोज जाऊन बघायचं असतं.
अकरा वर्षं हेच काम करते मी,
आणि विचारत होते, कापायचा कधी.

चैत्रात मधोमध राखाडी ठिपका दिसला.
घाबरून फोन केला.
"राखाडी? छान," म्हणाले, आणि ठेवलासुद्धा.

आता ती तीन वर्षांची.
भुवईवर जराशी सैल, फिकी कातडी,
ऊन तिरपं असलं तरच कळते.
काल शेडवर माझ्या मांडीशी बसून
टाकलेल्या ढिगातला एक तिनं उचलला,
मी "अगं तो डागी" म्हणेपर्यंत
चावून झाला होता.
दुसऱ्यासाठी हात पुढे.