उणे एकदा

मुलाणी मॅडमनी खडू मोडून अर्धा मला दिला.
"पोवई नाका काढ."
काढला. आठ रस्ते, एकाच ठिपक्यात कोंबलेले.
"आता ठिपका फुगव."

फुगवायचा म्हणजे ठिपका पुसून तिथं रेषा ठेवायची,
आणि येणाऱ्या प्रत्येक दिशेला
तिच्यावर स्वतःची जागा द्यायची.
मग कोरेगावचा रस्ता कऱ्हाडच्या रस्त्याला
धक्काही न लावता निघून जातो.
भुयार खणताना इंजिनिअरांनी असंच काहीसं केलं;
त्यांना तीन मिती पुरल्या,
आम्हाला चार लागतात, त्याही फळ्यावर.

"ही नवी रेषा स्वतःला किती वेळा छेदते?"
शून्य, मी म्हटलं.
"उणे एकदा."
मागचा बाक हसला. मॅडम थांबल्या, हसू संपेपर्यंत.

संध्याकाळी नाक्यावर गेनूकाकांकडे चहा घेतला.
वाहनं पायाखालून गुरगुरत जात होती.
"भुयार झाल्यापासनं," काका म्हणाले,
"नवं गिऱ्हाईक ऱ्हाऊ दे, जुनं बी वजा झालं."

उद्या मॅडम शिकवणार आहेत
अशी रेषा मिटवून पुन्हा ठिपका कसा करायचा,
पृष्ठभागावर व्रणही न राहता.

मी पैसे दिले. हे काही बोलले नाही.