जुलै, सकाळी साडेसहा

ब्रेंट घर दाखवतो रविवारी दुपारी दोनला.
आधी ओव्हनमध्ये पाव भाजून ठेवतो.
म्हणतो, वासानेच अर्धा सौदा होतो.
खरं आहे. मीच शिकवलं होतं त्याला.

मी आता वेळ देते सकाळी साडेसहाची,
आणि तीही जुलैतली,
ड्युनेडिनमधलं गवत जेव्हा पायाखाली काचेसारखं मोडतं
आणि बंदरावरचं धुकं गाडीच्या टपावर येऊन बसतं.
ऑफिसात म्हणतात, बाईचं डोकं गारठलंय.

दारातच सांगते : बूट काढा. मोजेसुद्धा.
माओरी सभागृहात शिरावं तसे या आत.
उभे राहा पाच मिनिटं.
खोल्या नंतर मोजू.
आधी तळव्यांना विचारा.

अकरा वर्षांपूर्वी नॉर्थ ईस्ट व्हॅलीत
एक घर विकलं मी नाय्री आणि कॅलमला.
फेब्रुवारी होता, उन्हं रात्री आठपर्यंत रेंगाळायची,
गच्चीवर तुई पक्षी, हातात थंड बिअर.
इथे सूर्य उत्तरेकडून येतो,
आणि त्या घराच्या उत्तरेला डोंगर होता.
मे लागला की दुपारी दीडलाच तो ऊन गिळतो,
हे मला ठाऊक होतं.
त्यांनी विचारलं नाही.
मी सांगितलं नाही.
खोटं एक अक्षरही बोलले नाही मी,
कमिशन चोख मिळालं.

ऑगस्टात केमिस्टकडे भेटली नाय्री.
कडेवर पिपा, तिच्या छातीतून
जुन्या फाटकासारखा आवाज.
"घर छान आहे हो," नाय्री म्हणाली, अगदी मनापासून,
"फक्त भिंती रडतात."

मायेला ओल असावी.
भिंतीला नसावी.
एवढं साधं कळायला
मला दुसऱ्याचं लेकरू खोकावं लागलं.

तेव्हापासून माझ्या बॅगेत माहितीपत्रक नसतं.
एक शिडी असते गाडीत, एक विजेरी.
चढा माळ्यावर, बघा,
हातभर जाड लोकर अंथरलीय छताखाली.
मेंढ्यांना जे आधीपासून माहीत होतं
ते आपण आता पैसे देऊन शिकतोय.
खिडकीवरून बोट फिरवा. कोरडं?
दोन काचांमध्ये कोंडलेली ही बोटभर हवा,
तिचेही पैसे लावलेत किमतीत, लपवत नाही.
आणि हे मागच्या जूनचं विजेचं बिल.
नाही, छापताना शून्य राहून गेलेलं नाही.

दहातले सहा परत जातात.
ब्रेंटच्या पाटीवर "विकले" लवकर लागतं, अजूनही.
काही मालक मला घर देतच नाहीत,
साडेसहाचं नाव काढलं की फोन ठेवतात.
एकीने मात्र तळघर कोरडं करून,
फरशीखाली थर घालून,
वर्षभराने स्वतः फोन केला :
आता ये. आता बोलव लोकांना अनवाणी.

तिच्याच घरी आज आले रंगी पोमारे,
गोदीतून निवृत्त, गुडघे वाजणारे.
पाच मिनिटांची दहा झाली.
डोळे मिटलेले.
मला वाटलं, उभ्याउभ्याच झोपले.

"महाग आहे," डोळे न उघडता म्हणाले.
"आहे," मी म्हटलं,
आणि दोन बिलं ठेवली ओट्यावर,
त्यांच्या आताच्या घराचं आणि याचं.
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले,
मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून.
मग घाईघाईत बूट चढवले,
विचार करतो म्हणाले, आणि निघाले
कुरकुरत्या गवतावरून फाटकाकडे.

मोजे खिडकीतच राहिले होते.
हाक मारायला तोंड उघडलं मी.
मग म्हटलं, असू देत.
येतील न्यायला.