आवाजी मतदान

गिरणीत तुरीची चुरी पाखडताना
मोबाइल पोत्याला टेकवून ठेवला होता, उभा.
मार्च सरत आलेला. पत्रे तापून टिकटिकत होते.
पडद्यावर बाकांच्या रांगा, अर्ध्या रिकाम्या,
आणि एक आवाज घाईघाईनं वाचत सुटलेला:
मागणी क्रमांक अमुक, मागणी क्रमांक तमुक,
पोलीस, सीमा, दलं, भांडवली खर्च,
चर्चेला वेळ उरला नाही म्हणून
एकगठ्ठा.

मागणी म्हटलं की आमच्या आईचे कान टवकारतात.
"कोनाची मांगनी आली?"
मित्राची नाही, आई. सरकारची.
सरकार सभागृहाकडे पैसे मागते आहे.
"मंग देतीनच ना. घरातलं घरात हाय."

मित्रा म्हणजे संघमित्रा, माझी धाकटी.
सहा वर्षं झाली सीमा सुरक्षा दलात.
पहाटे चारला कारंजा रोडवर धावायची,
हातात काठी, कुत्र्यांसाठी
आणि जे कुत्रे नव्हते त्यांच्यासाठी.
मी मागून सायकलवर, बापाचं घड्याळ धरून.
दोन मागण्या तिनं तेव्हाच परत धाडल्या,
एक तर धापा टाकत, रस्त्यातच.

मी आकडा दळणाच्या वहीवर उतरवला.
मला फक्त भागून बघायचं होतं,
चौकीमागे किती, माणशी किती.
गिरणीच्या कॅल्क्युलेटरला बारा घरं.
शून्यं मावेनात.
कोपऱ्यात एक इंग्रजी ई उमटला
आणि तसाच राहिला,
मी पुसेपर्यंत.

"एवढा पैसा धुऱ्याले?" आई म्हणाली.
आमचा धुरा म्हणजे एक गोटा आणि हिवराचं झाड.
बाबारावकाका दर पावसाळ्यात गोटा वीतभर सरकवायचे,
बाप रात्री जाऊन तो परत ठेवायचा.
एकवीस वर्षं दोघं बोलले नाहीत.
हिवराची सावली मात्र
सकाळी त्यांच्याकडे, दुपारनंतर आमच्याकडे.

मग ती चाळणी खाली ठेवून म्हणाली,
"त्याच्यात दाराचे पैसे हायेत काय?"

दिवाळीत मित्रानं हसत हसत सांगितलं होतं:
चौकीवर आठ बायका,
संडासाला दार नाही, ताडपत्री आहे.
वारा सुटला की एकीनं बाहेरून धरून ठेवायची,
दुसऱ्या खांद्यावर बंदूक.
आम्हीही हसलो होतो.
आई त्या दिवशी जेवली नव्हती, हे मला आत्ता आठवलं.

मी कागद कुठून आणू, आई?
हजार पानं असतील. दार असेल तर
"किरकोळ बांधकाम"मध्ये कुठंतरी असेल.

जे बाजूचे असतील त्यांनी होय म्हणावं,
पडद्यातला आवाज म्हणाला.
होय, म्हणाले. उरलेले कुणी कुणी.
आई मोबाइलकडे वाकली,
बहिऱ्याशी बोलावं तशी मोठ्यानं:
"हाव. पन दाराचं बी लिवा म्हना."

तेवढ्यात लाइट गेली, टॉवर गेला,
पडद्यावर एक चाक गरगरत राहिलं.
ज्वारी घेऊन आलेल्या पंचफुलाबाईंनी विचारलं,
काय झालं?
पास झालं, मी म्हणालो.
"कोन?"

रात्री साडेअकराला मित्राचा फोन.
पास झालं काय? मला नाही माहीत, नाक्यावर होते.
मागे वारा ऐकू येत होता, काहीतरी फडफडत होतं.
मी दाराचं विचारणार होतो.
तीच म्हणाली, जवसाची चटणी पाठव,
कुरिअर इकडं येत नाही, पोस्टानं पाठव.
आईला सांग, लसूण जास्त.

सकाळी पोस्टात काटा थांबला
सातशे चाळीस ग्रॅमवर.
मास्तरांनी डबा हलवून पाहिला, वास घेतला,
एकावर एक तीन तिकिटं चिकटवली.
घरी येऊन वहीत मांडलं:
जवस, लसूण, तिखट, डबा, टपालखर्च.
कॅल्क्युलेटरनं पटकन सांगितलं,
बारापैकी तीनच घरं लागली.

खाली आईनं कोळशानं एक चौकोन काढून ठेवला.
दार, म्हणाली.
हेही धर.