दरवाजावरचं जनावर

मी कूलर दुरुस्त करतो. मे महिन्यात
माझ्या बोटांना वाळ्याचा वास असतो
आणि जेवायला वेळ नसतो.
तरी त्या मंगळवारी आचलला घेऊन
दुपारच्या खेळाला गेलो,
खरं सांगायचं तर एसीसाठी.
बाहेर सेहेचाळीस.
कूलरवाल्यानंही कधी दुसऱ्याच्या गारव्यात बसावं.

पडद्यावर बर्फ. एक पोरगा,
आणि त्याला गुहेत सापडलेलं पंखांचं जनावर,
निळं, मांजरासारखं गुरगुरणारं.
पोरगा त्याला उशीखाली लपवलेला पाव देतो,
ते त्याला ढगांवरून फिरवून आणतं.
मग मोठी माणसं बंदुका घेऊन येतात. ती येतातच.
शेवटी पोरगा त्याच्या गळ्यात पडून म्हणतो, जा.
जनावर जातं.
अख्खं थेटर नाक पुसत होतं. मीही.
आचल चिप्सच्या पुडीचा तळ चाटत होती.

गाडीवर मागे गवताचं पोतं, पुढे ती.
बडकस चौकापर्यंत गप्प. मग म्हणाली,
"बाबा, त्यानं कावून सोडलं त्याले?"
म्हटलं, त्याचं घर तिकडं होतं ना.
"मंग ह्यानं जायचं होतं तिकडं."
सिग्नल लाल होता.
डांबर चपलेला चिकटत होतं.

महालात एक जुना दरवाजा आहे.
वीस वर्षं मी त्याच्याखालून जातो,
वर कधी पाहिलं नाही.
तिनं पाहिलं.
गोंड राजांच्या काळचं असावं:
अंग सिंहाचं, तोंड कुणाचं कोण जाणे,
पंजाखाली दाबलेला एक हत्ती,
नाक झिजलेलं, कानात पिंपळाचं रोप.
"हा नाही गेला कुठं," ती म्हणाली.
"उन्हातच उभा हाये बिचारा."
आणि बाटलीतलं उरलेलं पाणी वर भिरकावलं.
अर्धं माझ्या डोक्यावर पडलं.
बाकीचं दगडानं इतक्या घाईनं पिऊन टाकलं
की मला कसंतरी झालं.

मग रोज. शिकवणीहून येताना
ती दरवाजाखाली उभी राहून मान वर करून बोलायची.
त्याचं नाव भुऱ्या ठेवलं.
आईची बुटीबोरीची रात्रपाळी, गणितातले अकरा मार्क,
बाजूच्या घरातलं भांडण, सगळं त्याला.
"काय सांगून राहिली त्याले?"
"तुले नाही सांगायचं."

आठवड्यानं म्हणाली, "त्याले कूलर लावून दे."
मी हसलो. ती हसली नाही.

रात्री अकराला शिडी टेकवली.
पानठेल्यावाला म्हणाला, "कोणाचं काम भाऊ?"
म्हटलं, जुनं गिऱ्हाईक आहे.
ओल्या गवताची एक ताटी त्याच्या पाठीवर बांधली,
तारेचे दोन वेढे, गाठ घट्ट.
उतरताना सहज कपाळावर हात गेला.
दिवस मावळून चार तास झाले होते,
आणि दगड अजून
ताप भरलेल्या लेकरासारखा लागत होता.
तिथं वर किती वेळ उभा होतो, माहीत नाही.
खालून पानठेल्यावाल्यानं शिडी धरली होती.

आता कूलर ताडपत्रीत गेले. काम बसलं.
ताटीतलं गवत कबुतरांनी काडी काडी नेलं,
तार तेवढी राहिली, जानव्यासारखी.
आचल म्हणते, पंजा थोडा सैल झालाय.
मला दिसत नाही.
पण दरवाजा आला की गाडी आपोआप हळू होते.

काल विचारलं, काय म्हणतो भुऱ्या?
म्हणाली, "त्याचं बरं हाये.
खालच्या हत्तीशी ओळख व्हायची हाये अजून.
तो लाजते."