ओट्याखाली

सकाळी साडेनऊला राणेनगर,
मग इंदिरानगर, दुपारी जेल रोडला दोन फ्लॅट.
स्कूटरवर पायाशी पाच लिटरचा पंप,
डिकीत जेलच्या नळ्या, हातमोज्यांचा एकच जोड,
तोही उजव्या अंगठ्याला फाटलेला.

बेल वाजली की आतून आवाज येतो,
"अगं, औषधवाला आलाय."
आईला शेवटपर्यंत वाटायचं
मी मेडिकलमध्ये कामाला आहे.
मी तसंच वाटू दिलं.

कुणी म्हणतं, वासच येत नाही, पाणी तर नाही ना मारलं?
मागच्या माणसानं मारलं तेव्हा
डोळ्यांतून धार लागली होती आमच्या,
त्याला म्हणतात काम.
कुणी म्हणतं, वास अजिबात नको, बाळ आहे.
दोन्हीकडे मी एकाच कॅनमधलं मारतो.
पहिल्यांकडे थोडं फिनेल घालतो,
वासापुरतं.

अशोका मार्गावर एक मॅडम
द्राक्षं धूत होत्या.
आधी मिठाच्या पाण्यात, मग सोड्याच्या, मग साध्या,
मोबाइलवर वेळ लावून.
"बागेत काय काय मारतात, कल्पना नाही तुम्हाला."
आहे.
माझा चुलतभाऊ मोहाडीला बागेतच असतो,
तोंडाला रुमाल बांधून.
त्याच्या डब्यावरचा चौकोन पिवळा, माझ्या डब्यावरचा निळा.
धुतलेले घड त्यांनी निथळायला ठेवले
ओट्याच्या त्याच कडेला
जिथून माझी नळी आत्ताच फिरली होती.
म्हणालो, मॅडम, चाळणी जरा तिकडे...
"असू द्या हो. तुमचं घरगुतीच आहे ना!"

घरगुती.
पापडासारखं, लोणच्यासारखं.

उत्तमनगरला एकांनी
कोल्ड्रिंकच्या बाटलीत थोडं मागून घेतलं.
कागद चिकटवून सुवाच्य अक्षरात लिहिलं: औषध.
देवघराखालच्या कप्प्यात ठेवलं,
खोकल्याच्या बाटलीशेजारी.
मी पन्नास रुपये घेतले.
पुढच्या खेपेला कप्प्यात ती बाटली नव्हती.
कुठे गेली,
मी विचारलं नाही.

निघताना दारात सगळे एकच विचारतात,
"आम्हाला काही होणार नाही ना?"
माझं पाठ आहे:
चार तास खिडक्या उघड्या, आज फरशी पुसू नका,
काही होत नाही,
झुरळ औषधालाही सापडणार नाही.
यावर लोक हसतात.
बारा वर्षं हा एकच विनोद चालतोय माझा.

बारा वर्षांत मलाही काही झालेलं नाही.
फक्त वास येत नाही,
कशाचाच.
फोडणी करपली की बायको सांगते.
डॉक्टर म्हणाले, जुनी सर्दी असेल.
म्हटलं, असेल.

गेल्या गुरुवारी जेल रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
वनमाला धात्रक. नोटप्रेसमधून रिटायर, एकट्याच राहतात.
स्वयंपाकघरातला बल्ब गेलेला.
मी बाहेर थांबा म्हणत असताना
त्या स्टूल ओढून बसल्या
आणि बॅटरी धरली ओट्याखाली, माझ्या हातावर.
काम संपत आलं तेव्हा म्हणाल्या,
"खैरनार, आपल्याला काही होणार नाही ना यानं?"

चार तास, म्हणायला मी तोंड उघडलं.

आपल्याला.

इतकी दारं झाली,
या शब्दात मला कुणी
आत घेतलं नव्हतं.

सिलिंडरमागून एक झुरळ निघालं,
मिशा हलवत, बॅटरीच्या उजेडात मधोमध थांबलं.
मी नळी उचलायच्या आत
त्यांनी शांतपणे चप्पल काढली.

खिडकी उघडू का, मी विचारलं.
"मी उघडते. तुम्ही आधी हात धुवा,
साबण तिकडे आहे.
अंगठा नीट घासा."